बूटेबल पेनड्राइव्ह: सिडकोतल्या दुकानात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नाशिकला सिडकोत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट बंद केले आणि तेव्हापासून व्हॉट्सॲपवर बूटेबल पेनड्राइव्हबद्दल, म्हणजे ज्यावरून मशीन सुरू करून विंडोज किंवा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकता येतं त्याबद्दल, तेच ते प्रश्न येऊ लागले. सातपूरच्या कारखान्यातून, नाशिक रोडच्या क्लासमधून, निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराकडून. प्रत्येकाला वेगळं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं इथे एकत्र केलंय. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त 'दादा, अर्जंट आहे' एवढं काढून टाकलं.

१. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट केली तर का चालत नाही?

मशीन चालू झालं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरचं फर्मवेअर जागं होतं. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम ते ठरलेल्या जागीच शोधतं: बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, यूईएफआय बहुतेक वेळा फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनवरच्या (डिस्कच्या भागावरच्या) 'ईएफआय' नावाच्या फोल्डरमध्ये. आयएसओ म्हणजे अख्खी डीव्हीडी एका फाइलमध्ये बांधून ठेवलेली. ती तशीच पेस्ट करणं म्हणजे किल्ली पाकिटात घालून पाकीटच कुलपाला लावणं.

मग आयएसओ उघडून आतल्या फाइली कॉपी केल्या तर? यूईएफआय मशीनवर लिनक्सच्या बऱ्याच आयएसओंना ते चालतं. विंडोजला अडतं, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही आणि विंडोजची मुख्य फाइल आता त्याहून मोठी झालीय. म्हणून टूल वापरायचं (प्रश्न ५).

२. किती जीबीचा पेनड्राइव्ह लागेल? घरात जुना पडलाय, तो चालेल का?

विंडोजला किमान ८ जीबी. मी १६ जीबीचाच घ्या म्हणतो. लिनक्सच्या उबुंटूलाही ८ पुरतो, पण जेमतेम. यूएसबी ३ चा असेल तर काम निम्म्याहून कमी वेळात उरकतं, जुना यूएसबी २ चा असेल तर चहा पिऊन या.

खरी भानगड नकली पेनड्राइव्हची आहे. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा रस्त्यावरच्या पथारीवरून '२ टीबी'चा पेनड्राइव्ह तीनशे रुपयांत घेऊन आला. विंडोज टाकताना दरवेळी साठ-सत्तर टक्क्यांवर एरर. खोललं तर आत नखाएवढं मेमरी कार्ड डिंकाने चिकटवलेलं, खरी जागा जेमतेम ७ जीबी. असा पेनड्राइव्ह भरल्यावर वरून नवीन लिहीत राहतो, जुनं पुसलं जातं, आणि तोंडाने मात्र 'कॉपी झालं' म्हणतो. शंका असेल तर 'एच२टेस्टडब्ल्यू' हे मोफत टूल चालवा. ते पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ खातं, पण खोटं बोलत नाही.

३. पेनड्राइव्हमधले फोटो राहतील ना?

नाही. व्हेंटॉय हे टूलही (प्रश्न ५) पहिल्यांदा बसवताना सगळं पुसतं. आधी दुसरीकडे काढून ठेवा.

पण माझी भीती पेनड्राइव्हची नाही, भलतीच डिस्क निवडली जाण्याची आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः ते करून बसलोय. गिऱ्हाइकाचा बॅकअप बाहेरच्या १ टीबी हार्ड डिस्कवर घेतला, ती तशीच जोडलेली राहिली. रूफस (पेनड्राइव्ह बनवायचं टूल, प्रश्न ५) एरवी बाहेरच्या हार्ड डिस्क यादीत दाखवतच नाही, पण आदल्या दिवशी दुसऱ्या कामासाठी मीच ती खूण चालू केली होती. यादीत वरचं नाव आलं, मी न वाचता 'स्टार्ट' दाबलं, इशारा आला तोही न वाचता 'ओके' केला. त्यांच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते त्यात. रिकव्हरी सॉफ्टवेअर दोन रात्री चालवून बरेचसे परत आले, सगळे नाहीत. पैसे घेतले नाहीत, पण त्याने काय होतंय.

तेव्हापासून माझा नियम: पेनड्राइव्ह बनवताना त्याच्याशिवाय काहीही जोडलेलं ठेवायचं नाही, आणि 'स्टार्ट' आधी यादीतला आकडा मोठ्याने वाचायचा. १६ चा पेनड्राइव्ह कुठे १६ तर कुठे १४.९ च्या आसपास दिसतो, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. पण १ टीबी किंवा ९३१ दिसलं तर हात मागे घ्या, ती तुमची १ टीबीची हार्ड डिस्क आहे.

४. आयएसओ कुठून उतरवू? टेलिग्रामवर 'ॲक्टिव्हेटेड' मिळते, ती घेऊ का?

नको. विंडोजची आयएसओ मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळते, पैसे लायसन्सचे असतात. उबुंटू, मिंट, फेडोरा ही लिनक्सची रूपं त्यांच्या-त्यांच्या साइटवर. रूफसच्या आतूनही विंडोजची मूळ आयएसओ उतरवता येते. 'ॲक्टिव्हेटेड'मध्ये आणखी काय भरलंय ते बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि त्याच मशीनवर तुम्ही पुढे बँकेचा पासवर्ड टाकणार.

फाइल ५ ते ७ जीबीची असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर ती तुकड्यातुकड्यांत उतरवायला जाऊ नका. पूर्ण उतरल्यावर साइटवर दिलेला एसएचए-२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ओळखायची खूण) जुळवा. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून तो तिथेच काढता येतो. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल बिघडलेली आहे, पुन्हा उतरवा. माझ्याकडे 'पेनड्राइव्ह खराब आहे' म्हणून येणाऱ्यांत अर्धवट उतरलेल्या आयएसओ बऱ्याच निघतात.

५. रूफस, मीडिया क्रिएशन टूल, एचर, व्हेंटॉय: नेमकं कोणतं घेऊ?

नवखे असाल आणि मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल. ते स्वतःच उतरवतं, स्वतःच लिहितं, प्रश्न कमी विचारतं.

बाकी बहुतेक वेळा मी रूफस वापरतो. टूल छोटं आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, विंडोज आणि लिनक्स दोन्हीच्या आयएसओ लिहितं. पण ते स्वतः फक्त विंडोजवर चालतं, आणि आताच्या आवृत्तीला निदान विंडोज ८ लागतं. विंडोज ७ वर बसून बनवायचं असेल तर जुनी ३.२२ शोधा.

एचर दिसायला सुंदर, मॅक आणि लिनक्सवरही चालतो, पण लिनक्सच्या आयएसओसाठीच. विंडोजची आयएसओ त्याने लिहिली तर पेनड्राइव्ह सहसा बूट होत नाही. या एका गोष्टीवरून मला महिन्यातून दोन-तीन फोन येतात.

व्हेंटॉय सगळ्यांपेक्षा वेगळा. एकदा पेनड्राइव्हवर बसवला की आयएसओ खरोखरच कॉपी-पेस्ट करायच्या, विंडोज ११, मिंट, उबुंटू सगळ्या शेजारी-शेजारी. सुरू करताना यादी येते, हवी ती निवडा. माझ्या खिशात कायम असतो. पण एकच मशीन एकदाच करायचं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, सिक्युअर बूटपाशी, म्हणजे फक्त मान्यता असलेलाच प्रोग्राम सुरू करू देणाऱ्या फर्मवेअरच्या पहाऱ्यापाशी, अडखळाल (प्रश्न ८).

६. रूफसमध्ये 'जीपीटी' की 'एमबीआर'?

या डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, एमबीआर जुनी आणि जीपीटी नवी. ज्या मशीनवर टाकायचंय तिथे विंडोज चालू असेल तर सर्चमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा आणि 'बायोस मोड' ही ओळ बघा. 'यूईएफआय' असेल तर जीपीटी, 'लेगसी' असेल तर एमबीआर. मशीन सुरूच होत नसेल तर अंदाज: विंडोज ८ किंवा पुढचं घेऊन आलेला लॅपटॉप असेल तर जीपीटी. विंडोज ११ ला जीपीटीच.

बघायचं ते ज्या मशीनवर टाकायचं त्याचं. पेनड्राइव्ह बनवायचं मशीन कोणतंही असो.

७. पेनड्राइव्ह लावला तरी जुनंच विंडोज सुरू होतं. कोणतं बटण दाबायचं?

मशीन चालू करताच, कंपनीचं नाव दिसायच्या आत, बटण टकटक दाबत राहायचं. डेल: एफ१२. एचपी: आधी एस्केप, मग एफ९. लेनोव्हो: एफ१२, नाहीतर काही मॉडेलला कडेला टाचणीएवढं भोक असतं, मशीन बंद असताना त्यात टाचणी दाबायची. असूस लॅपटॉप: एस्केप. एसर: एफ१२, पण बऱ्याचदा ते बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावं लागतं. असेंबल पीसीत मदरबोर्ड बघा: गिगाबाइट एफ१२, एमएसआय एफ११, असूस एफ८. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं.

हात तेवढा चालत नसेल तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून धरा आणि 'रिस्टार्ट' करा. निळ्या पडद्यावर 'यूज अ डिव्हाइस' येतं, त्यात पेनड्राइव्ह निवडा. तिथेही दिसला नाही तर हब काढून थेट मशीनच्या पोर्टमध्ये लावा, पीसी असेल तर मागच्या पोर्टमध्ये. तरीही नाही, तर पेनड्राइव्ह नीट बनलेला नाही किंवा प्रश्न ६ मध्ये चूक झालीय.

८. यूट्यूबवर सगळे सिक्युअर बूट बंद करायला सांगतात. करू का?

बहुतेकदा गरज नसते. विंडोज, उबुंटू, मिंट, फेडोरा सगळे सिक्युअर बूट चालू असताना टाकता येतात. व्हेंटॉय पहिल्यांदा निळा पडदा दाखवून स्वतःची किल्ली नोंदवायला सांगतो; तिथे 'एन्रोल' करा, बंद करू नका. खरंच बंद करावं लागलं तर काम झाल्यावर परत चालू करा. आणि त्याला हात लावण्यापूर्वी पुढचा प्रश्न वाचाच.

९. बायोसमध्ये काहीतरी बदललं आणि आता निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतोय. माझ्याकडे तर कुठलीच की नाही!

हा बिटलॉकर. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. की त्याच खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून त्या खात्यात लॉगिन करून रिकव्हरी की शोधा, पडद्यावर दिसणारा की-आयडी जुळवा. लॅपटॉप घेताना दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःच्या खात्याने सुरू करून दिला असेल तर की त्याच्याकडे. ऑफिसचा असेल तर आयटीवाल्यांकडे.

की मिळालीच नाही तर त्या डिस्कवरचा डेटा मीही काढू शकत नाही, दुसरा कुणीही नाही. 'काढून देतो' म्हणून ॲडव्हान्स मागणाऱ्यापासून लांब राहा. म्हणून काम सुरू करण्याआधी की कागदावर लिहून घ्या.

१०. माझा पीसी विंडोज ११ ला 'पात्र नाही' म्हणतो. पेनड्राइव्हने टाकता येईल का?

आधी बायोसमध्ये बघा. विंडोज ११ ला लागणारा टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) असतो पण बंद ठेवलेला असतो, असं कितीतरी वेळा होतं. इंटेलमध्ये तो 'पीटीटी' नावाने असतो, एएमडीमध्ये 'एफटीपीएम'. चालू केला की काही मशीन लगेच पात्र होतात. प्रोसेसर मात्र इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो.

खरंच बसत नसेल तर रूफस 'स्टार्ट' दाबल्यावर विचारतो, टीपीएम, सिक्युअर बूट आणि ४ जीबी रॅमची अट काढू का म्हणून. काढली तर विंडोज बसतं आणि चालतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अधिकृत मानत नाही, पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. दुकानाच्या हिशोबाच्या मशीनवर मी हे करत नाही.

एक अपवाद असा की तिथे रूफसचंही चालत नाही. विंडोज ११ ची २४एच२ आणि पुढची आवृत्ती प्रोसेसरकडून अशा काही सूचना मागते ज्या कोअर २ ड्युओच्या काळातल्या चिपमध्ये मुळातच नाहीत. तिथे बूटच होणार नाही, कितीही पेनड्राइव्ह बदला.

विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टचे वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, त्यासाठी सेटिंगमध्ये नोंदणी करावी लागते. ४ जीबी रॅमचं मशीन असेल तर माझं मत सरळ आहे: एक एसएसडी घाला आणि मिंट टाका (प्रश्न १६).

११. प्रॉडक्ट की हरवली. फॉरमॅट मारल्यावर विंडोज परत ॲक्टिव्हेट होईल?

लॅपटॉपसोबत विंडोज ८ किंवा पुढचं आलं असेल तर की मदरबोर्डमध्येच असते. इन्स्टॉल करताना की विचारली तर 'माझ्याकडे की नाही' निवडा, नेट जोडल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. मदरबोर्ड बदलला असेल तर मात्र नाही.

गोची एकच: लॅपटॉप 'होम' घेऊन आला आणि तुम्ही नंतर 'प्रो' केलं असेल, तर सेटअप मदरबोर्डमधली की वाचून न विचारता 'होम'च टाकतो. घाबरू नका, नंतर ॲक्टिव्हेशनच्या सेटिंगमधून परत 'प्रो' करता येतं.

१२. सेटअप सुरू होतो, पण डिस्कच दिसत नाही. एसएसडी मेली का?

बहुतेकदा नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत एसएसडी 'व्हीएमडी' नावाच्या कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या सेटअपला तिचा ड्रायव्हर ठाऊक नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलखाली 'इंटेल रॅपिड स्टोरेज' ड्रायव्हर मिळेल. तो उलगडून फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर टाका आणि डिस्क निवडायच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' करून तो फोल्डर दाखवा. डिस्क टुणकन दिसते.

बायोसमधून व्हीएमडी बंद करूनही काम होतं, पण आत जुनं विंडोज असेल आणि ते ठेवायचं असेल तर बंद करू नका, ते सुरू होणं थांबेल.

१३. 'डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, विंडोज बसणार नाही' असं म्हणतो.

पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये सुरू झालाय आणि डिस्क जुन्या पद्धतीची आहे. डेटा नको असेल तर त्या डिस्कची सगळी पार्टिशन डिलीट करा, रिकाम्या जागेवर 'नेक्स्ट' दाबा, सेटअप स्वतः जीपीटी करून घेतो. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर डिलीट करण्याआधी प्रश्न ३ आठवा. डेटा हवा असेल तर इथेच थांबा, सेटअप बंद करा आणि आधी बॅकअप घ्या.

१४. वायफाय दिसत नाही आणि विंडोज ११ नेटशिवाय पुढे जाऊ देत नाही.

वायफायचा ड्रायव्हर बऱ्याचदा सेटअपमध्ये नसतो. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, मशीनला तो लॅन केबलसारखा दिसतो. नाहीतर पेनड्राइव्ह बनवतानाच रूफसमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याची अट काढा, आणि मग त्या टप्प्यावर नेट जोडूच नका.

१५. मध्येच लाइट गेली तर?

जून-जुलैतला हमखास प्रश्न. पेनड्राइव्ह लिहिताना गेली तर काही बिघडत नाही, पुन्हा बनवा. इन्स्टॉल चालू असताना गेली तरी मशीन खराब होत नाही, फक्त पहिल्यापासून. पार्टिशन एव्हाना पुसलेलं असतं, तेवढं लक्षात ठेवा. लॅपटॉपची बॅटरी निदान अर्धी भरलेली हवी. मात्र या गडबडीत कुणी 'बायोसही अपडेट करून घे' म्हटलं तर इन्व्हर्टरशिवाय करू नका. ते करताना लाइट गेली तर मदरबोर्डच जाऊ शकतो.

१६. लिनक्स टाकायच्या आधी बघता येतं का? मराठी चालतं का?

चालतं, आणि बघूनच घ्या. उबुंटू किंवा मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू केलं की डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टिम समोर येते. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांचा कीबोर्ड) सहज जोडता येतं.

दुकानात टॅली असेल तर लिनक्सचा नाद सोडा किंवा विंडोज शेजारी ठेवा. शेजारी ठेवताना 'अलाँगसाइड' हा पर्याय निवडा, 'इरेज डिस्क' नाही. पडद्यावर ते दोन्ही एकाखाली एक असतात आणि घाईत बोट भलत्यावर पडतं.

१७. पीसी बंद पडलाय, घरात फक्त मोबाइल आहे. त्यावरून बनवता येईल?

अँड्रॉइडवर 'एचड्रॉइड' ॲप आणि ओटीजी केबल असेल तर लिनक्सचा पेनड्राइव्ह बनतो. विंडोजचा नाही. मॅक हाताशी असेल तर एचर, तोही लिनक्सपुरता. एम मालिकेच्या चिपचा मॅक पेनड्राइव्हवरून विंडोज सुरू करत नाही, तो विचार सोडूनच द्या. विंडोजच हवं असेल तर शेजाऱ्याचा लॅपटॉप अर्धा तास मागून आणणं सोपं.

१८. विंडोज टाकताना मशीन रिस्टार्ट झालं की सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पहिल्या रिस्टार्टनंतर 'प्रेस एनी की' आलं तर कुठलंच बटण दाबू नका. तरी फिरत राहिलं तर त्या क्षणी पेनड्राइव्ह काढून घ्या.

१९. काम झालं, पण आता ३२ जीबीचा पेनड्राइव्ह ४ जीबीचा दिसतो. खराब झाला का?

नाही, टूलने त्यावर वेगळी पार्टिशन करून ठेवलीत. लिनक्सचा असेल तर विंडोज 'फॉरमॅट करा' असंही म्हणतं. रूफस उघडा, वर 'नॉन बूटेबल' निवडा आणि 'स्टार्ट' करा, पूर्ण जागा परत येते.

त्यानेही झालं नाही तर डिस्कपार्ट, विंडोजमधलंच डिस्क हाताळायचं टूल. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडायचा, 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क', आकारावरून पेनड्राइव्हचा नंबर ओळखायचा, 'सिलेक्ट डिस्क' आणि तो नंबर, मग 'क्लीन'. इथे 'खात्री आहे का' असं कुणी विचारत नाही. एंटर दाबला की गेलं. डिस्क ० ही बहुतेक मशीनमध्ये तुमची आतली मुख्य डिस्क असते. नंबरची शंका आली तर पेनड्राइव्ह काढा, 'लिस्ट डिस्क' परत करा, कोणती ओळ गायब झाली ते बघा.